पोटाचं माप घेताना विचारायचा प्रश्न

माणसांचे चेहरे मास्तरांच्या लक्षात राहत नसत, खांदे राहत. रस्त्यात कोणी समोर येऊन "काय मास्तर, ओळखलंत का?" म्हणाला की ते त्याच्या तोंडाकडे न बघता मानेच्या बुडाशी बघत आणि म्हणत, "ओळखलं की. डावा खांदा अर्धा इंच खाली." समोरचा ओशाळून हसे. आपले दोन्ही खांदे सारखे आहेत अशी त्याची आजवरची समजूत असे, आणि ती अशी भर रस्त्यात मोडायची काही गरज नव्हती. पण मास्तरांना ते कळत नसे. त्यांच्या लेखी ही विचारपूसच होती.

चाळीस वर्षं ते एकाच दुकानात कटिंग मास्तर होते. पुरुषांचे कोट, पँट, जाकिटं, सगळं ज्याच्या त्याच्या मापाचं. दुकान जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर होतं, लिफ्ट नव्हती आणि पायऱ्या बावन्न. गिऱ्हाईक वर आलं की आधी बाकावर बसून दम घ्यायचं, पाणी प्यायचं आणि मग पडद्याआडच्या आरशासमोर उभं राहायचं. मास्तर गळ्यातली टेप काढायचे. गळा, खांदा, पाठ, छाती, पोट, सीट, बाही, लांबी. आकडा ते पुटपुटायचे आणि पडद्यापलीकडे बसून काजं करणारी काजवाली तो वहीत टिपून घ्यायची. मध्येच, हमखास पोटाशी आल्यावर, मास्तर विचारायचे, "तुमच्या घरी सकाळी आधी कोण उठतं हो?"

मग गिऱ्हाईक सांगत सुटायचं. कोणाची आई पाचला उठून सगळ्या घराला उठवायची, कोणाकडे सगळेच लोळत पडायचे, कोणी स्वतःचीच टिमकी वाजवून घ्यायचा. मास्तर हं हं करत राहायचे. मास्तरांना लोकांच्या घरात डोकावायची खोड आहे असं दुकानात सगळ्यांचं मत होतं. इतक्या चांगल्या कारागिराला एखादी खोड असायचीच, म्हणून कोणी ते मनावर घेत नसे.

त्यांची दुसरी खोड फक्त त्यांच्या बायकोला ठाऊक होती. स्वतःचा कोट ते लग्नाच्या वेळच्या मापावर कापत. कंबर बत्तीस. दर सात-आठ वर्षांनी नवा कोट होई आणि दर वेळी त्याचं बटण लागत नसे. मास्तर म्हणत, लॉन्ड्रीवाले हल्ली काहीतरी वापरतात, कापड आटतं. बायको म्हणायची, "हो, आटत असेल," आणि कोट उघडाच ठेवून दोघं समारंभाला जात. ज्या माणसाला बसस्टॉपवर उभ्या असलेल्या परक्याची कंबर पाव इंचापर्यंत अचूक सांगता येई, त्याला स्वतःची तीस वर्षांत सापडली नव्हती.

तर अशा माणसावर त्या वर्षी वेळ आली ती पत्रक लिहायची.

म्हातारे मालक थकून घरी बसले होते आणि त्यांची मुलगी दुकान बघू लागली होती. तिला सगळे धाकट्या बाई म्हणत. मास्तरांनी तिला परकरात असल्यापासून पाहिलेलं, त्यामुळे चारचौघांत ते तिला "तुम्ही" म्हणत आणि राग आला की "तू". ती त्यांना काकाच म्हणायची. धाकट्या बाईंनी सहा महिने हिशेबाच्या वह्या न उघडता नुसता जिना बघितला. जिन्यावर पावलं वाजत नव्हती. जुनी गिऱ्हाइकं म्हातारी झाली होती, त्यांचे गुडघे गेले होते, आणि त्यांची मुलं शहराच्या पार टोकाला किंवा दुसऱ्याच शहरात राहायला गेली होती. त्यांना मास्तरांचा कोट हवा होता. बावन्न पायऱ्या नको होत्या.

तेव्हा तिनं ठरवलं की मापं लोकांनी आपापल्या घरी घ्यायची आणि लिहून पाठवायची. कोट इथे शिवायचा आणि कुरियरनं घरपोच पाठवायचा. मास्तर हे ऐकून मनापासून हसले. मग ती हसत नाहीये हे त्यांच्या लक्षात आलं. घरी माप कसं घ्यायचं हे कोणी सांगणार असेल तर तुम्हीच, असं ती म्हणाली, आणि त्या एका वाक्यानं मास्तर विरघळले. चाळीस वर्षांत त्यांना कोणी काही लिहायला सांगितलं नव्हतं.

आठ दिवस ते पत्रक लिहीत होते. एकूण तेवीस कलमं झाली. माणसानं अनवाणी, जमिनीला काटकोनात उभं राहावं. अंगात पातळ शर्ट असावा, खिशात पाकीट-किल्ल्या-फोन काही नसावं. टेप पाठीमागेही जमिनीशी समांतर राहील हे पाहावं. छातीला टेप काखेखालून घ्यावी आणि आत दोन बोटं सरकतील इतकी सैल ठेवावी. खांदा हाडापासून हाडापर्यंत. बाही मोजताना कोपर किंचित वाकवावं, कारण माणूस हात ताठ ठेवून जगत नाही. पोट बेंबीच्या रेषेत. यातलं एकही कलम चूक नव्हतं. धाकट्या बाईंनी त्याला चित्रं जोडली, छापून घेतलं, आणि मास्तरांनी एक प्रत घरी नेऊन कपाटाच्या दाराला आतून चिकटवली.

पहिल्या सहा कोटांपैकी चार परत आले.

चारांचंही दुखणं एकच होतं. खांदे बरोबर, बाह्या बरोबर, पाठ तर बघत राहावी अशी. पण मधलं बटण लावलं की दोन्ही बाजूंना चुण्या पडायच्या आणि बटणाचा दोरा जीव मुठीत धरून बसायचा. पोटाचं माप दीड-दोन इंचांनी खोटं होतं. पहिला कोट आला तेव्हा मास्तर म्हणाले, उपाशीपोटी मोजला असणार. दुसऱ्याच्या वेळी म्हणाले, टेप वाकडी धरली. तिसऱ्याला काही म्हणाले नाहीत. चौथा कोट त्यांनी स्वतःच उसवायला घेतला, आणि काजवालीनं त्या दिवशी रेडिओ लावला नाही.

धाकट्या बाईंनी सुचवलं की आलेल्या पोटात सरसकट दोन इंच मिळवून टाकू. मास्तरांना ते पटलं नाही, पण त्यांच्याकडे दुसरं काही नव्हतं. दोन कोट तसे कापले. एक चपखल बसला. दुसऱ्याचा मालक एक सरळमार्गी माणूस निघाला, त्यानं माप खरं दिलं होतं. कोट घालून त्यानं फोटो पाठवला. कोटात आणखी एक जण मावला असता.

त्यानंतरच्या सोमवारी दुकानात एक लोखंडी स्टँड आला. चाकांचा, माणसाएवढा उंच, त्याला साठ हँगर अडकवलेले आणि सोबत लहान-मध्यम-मोठा असं लिहिलेल्या चिकटपट्ट्यांचं बंडल. तो कटिंगच्या टेबलाशेजारी उभा केला. मास्तरांनी चिकटपट्टीवरचं 'मध्यम' दोनदा वाचलं. तयार कपडे विकायचे म्हटलं की कटिंग मास्तर कशाला लागतो? हँगरवरून काढून द्यायला कोणीही चालतं.

"काका, मला हे करायचं नाहीये," धाकट्या बाई म्हणाल्या. त्या स्टँडकडे न बघता बोलत होत्या. "पण परत आलेला प्रत्येक कोट दोनदा शिवावा लागतो. अजून पाच ऑर्डरी हातात आहेत. त्यातले दोन जरी परत आले, तर एक तारखेपासून मापाचं काम बंद. मग रेडीमेड."

मास्तर बरं म्हणाले. दुसरं काय म्हणणार? संध्याकाळी पायऱ्या उतरताना त्यांनी त्या मोजल्या. त्रेपन्न भरल्या. मग पुन्हा वर जाऊन मोजायचा धीर झाला नाही.

घरी आल्यावर त्यांचा चेहरा बघून बायकोनं काही विचारलं नाही. लग्नाला छत्तीस वर्षं झाली होती, हा मुलखाचा अबोल माणूस विचारलं की आणखी मिटतो हे तिला पाठ होतं. लेकीचं लग्न होऊन ती दूर गेल्यापासून दोन खोल्यांच्या त्या घरात बोलणं तसंही कमीच झालं होतं. जेवणं झाल्यावर मास्तरांनी स्वतःच सांगितलं, स्टँडपासून सगळं. बायको ऐकत ऐकत भांडी पुसत होती. शेवटचं ताट ठेवून ती म्हणाली, "ते पत्रक द्या बघू. मी तुमचं माप घेते."

"तू?"

"लोकांच्या घरी कोण घेतं? बायकोच घेत असेल ना? का प्रत्येकाच्या घरी कटिंग मास्तर असतो?"

तिनं ड्रॉवरमधली टेप काढली. ती लेकीच्या शाळेपासूनची, दोऱ्यासारखी मऊ झालेली. मास्तरांनी ती स्टीलच्या लांब पट्टीवर धरली तेव्हा ती तीस इंचांत अर्धा इंच ताणलेली निघाली. हे कलम तेवीसमध्ये नव्हतं. मास्तरांनी जीभ चावली आणि गळ्यातली टेप काढून दिली.

मग ते शर्टावर उभे राहिले आणि ती पत्रक वाचून एकेक माप घेऊ लागली. ती वाचायची, मास्तर म्हणायचे बरोबर. खांदा, पाठ, छाती. पोटाशी आल्यावर तिनं टेप गुंडाळली, आकडा बघितला, नवऱ्याच्या तोंडाकडे बघितलं.

"साडेतेहतीस," ती म्हणाली. "श्वास घेताय का तुम्ही?"

"घेतोय की," मास्तर म्हणाले, पण ते बंद ओठांतून आलं. छाती वर, पोट पाठीला लागलेलं, नजर समोरच्या भिंतीवर. आपण हे करतोय हे त्यांना खरोखरच माहीत नव्हतं. शपथेवर सांगितलं असतं की मी नेहमीसारखा उभा आहे.

बायकोनं टेप सोडली नाही. तिनं सहज विचारल्यासारखं विचारलं, "अहो, त्या माळ्याच्या कुलपाची किल्ली कुठे ठेवलीत?"

झालं. माळ्याची किल्ली हा त्या घरातला जुना विषय होता. मास्तर म्हणाले, मी कुठे ठेवली, मी खुंटीला लावली होती, खुंटीवरून ती काढून डब्यात कोणी टाकली, डब्यातून पुन्हा खुंटीला कोणी लावली नाही, या घरात वस्तू जागेवर ठेवायची पद्धतच उरलेली नाही, आणि हे मी आज नाही, गेली वीस वर्षं सांगतोय. ते सांगत असताना खांदे खाली आले, छाती उतरली आणि पोट आपलं आपण येऊन टेपवर विसावलं.

"सदतीस," बायको म्हणाली.

मास्तर थांबले. त्यांनी खाली बघितलं. टेपवर सदतीसच होते. साडेतीन इंच, कंबर बत्तीसची तीस वर्षं, लॉन्ड्रीवाल्यांवर घेतलेला सगळा आळ, एका किल्लीनं उघडा पडला. त्यांना लाज वाटली, आणि ती वाटत असतानाच डोक्यात लख्ख उजेड पडला.

"अगं," ते म्हणाले, "मी विचारतो. मीपण विचारतो. पोटाशी आलो की विचारतो."

दुसऱ्या दिवशी ते बावन्न पायऱ्या दमानं न चढता एका झपाट्यात चढले आणि वर जाऊन काजवालीला म्हणाले, मी गिऱ्हाइकाला काय विचारतो ते आठवतं का? काजवालीनं सुईतून नजर काढली नाही. तिनं सांगितलं की सकाळी आधी कोण उठतं ते, रोज, बावीस वर्षं, आणि तिला वाटायचं मास्तरांना चांभारचौकशांची आवड आहे. मास्तरांच्या गुरूनं त्यांना ते शिकवलं नव्हतं. कधीतरी कामाच्या ओघात हाताला सापडलेली युक्ती होती. हातानं ती ठेवून घेतली, डोक्याला कळवलंच नाही, म्हणून मग ती पत्रकातही उतरली नाही.

नवं पत्रक लिहायला मास्तर घरी बसले आणि दोन ओळींतच अडकले. "माप घेताना मापधारकास संभाषणात गुंतवावे," असं त्यांनी लिहिलं होतं. बायकोनं ते वाचून नाक मुरडलं, कागद ओढून घेतला आणि स्वतः लिहायला बसली. तिचं म्हणणं होतं की जुनं पत्रक मुळातच चुकीच्या माणसासाठी लिहिलंय. ते पुरुषासाठी आहे. ज्याच्या हातात टेप असते तिला त्यात कोणी काही सांगितलेलंच नाही.

तिनं लिहिलं ते असं होतं. "ताई, आई, दादा, जे कोणी माप घेणार असाल ते. सोबत नवी टेप पाठवली आहे, तीच वापरा, घरातली ताणलेली असते. त्याला 'सरळ उभा राहा' असं म्हणू नका, म्हटलं की तो शिपाई होतो. आरसा असलेल्या खोलीत घेऊ नका. आपलं आपण माप घेतो म्हणाला तर घेऊ देऊ नका, हात वर केला की खांदा हलतो. आधी बाकीची मापं घ्या, पोट शेवटी. टेप लावा आणि त्याला असं काहीतरी विचारा की उत्तर लांबेल. हो किंवा नाही म्हणून सुटेल असं विचारू नका. तो बोलत असताना आकडा बघा. त्याला सांगू नका. आम्हाला कळवा." आणि फॉर्मच्या शेवटी तिनं एक रेघ ओढून घेतली, "काय विचारलंत?" ही रेघ कशाला, असं मास्तरांनी विचारलं. ती म्हणाली, खरंच विचारलं का नाही ते कळायला नको?

"तुम्ही काय विचारता म्हणालात?" तिनं पेनाचं टोपण लावता लावता विचारलं.

"घरी सकाळी आधी कोण उठतं, ते."

"मला नाही विचारलंत कधी."

"तुला काय विचारायचं त्यात? तूच उठतेस."

ती उठून आत गेली. मास्तरांच्या डोक्यात तेव्हा फक्त पत्रक होतं, त्यामुळे तिथे काही घडलं हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. कागद वाळायला ठेवावा तसा त्यांनी तो दोन्ही हातांत धरून ठेवला होता.

पाचपैकी चार घरांतून फॉर्म आले. रेघेवर कोणी लिहिलं होतं, "ऑफिसातल्या साहेबाबद्दल विचारलं," कोणी, "गाडी कुठे लावली ते." मास्तरांनी आकडे बघितले आणि ते खरे आहेत हे त्यांना कळलं. मापांना एकमेकांशी नातं असतं. छाती, पोट आणि सीट एका घरात राहतात, त्यातलं एक खोटं बोललं की बाकीच्या दोघांवरून ओळखू येतं.

पाचवा फॉर्म आला नाही, फोन आला. एका प्राध्यापकांच्या बायकोचा. प्राध्यापक जुनं गिऱ्हाईक, सहा वर्षांपूर्वी बावन्न पायऱ्या चढून आलेले. नंतर मोठं आजारपण आलं, आठ महिने अंथरुणात गेले. आता पंधरा दिवसांनी कॉलेज उघडणार होतं आणि त्यांना पहिल्या दिवशी रुजू व्हायचं होतं. जुने कोट अंगावर पडदा टांगल्यासारखे दिसत होते. ते घालून गेले तर मुलं काय बघतील ते त्यांना माहीत होतं, म्हणून ते अलीकडे जायचंच नाही असं म्हणू लागले होते.

बाईंनी वाचून दाखवलेलं माप मास्तरांनी जुन्या वहीतल्या मापाशी ताडून पाहिलं. छाती जुन्या मापाइतकीच होती. आठ महिने अंथरुणावर काढलेल्या माणसाची छाती तेवढीच राहत नाही. तो माणूस बायकोपुढे छाती फुगवून उभा राहिला होता, मला काही झालेलं नाही हे दाखवायला. या मापावर कोट कापला असता तर तोही अंगावर लोंबला असता. मास्तरांनी विचारलं, पत्रकाप्रमाणे काही विचारलंत का?

"विचारलं हो," बाई म्हणाल्या. "काय विचारू सांगा. आजारपणापासून ते बोलतच नाहीत. हो म्हणतात, नाही म्हणतात. दोन शब्दांच्या वर आठ महिन्यांत काही ऐकलं नाही मी."

मास्तरांनी विषय कोणता शिकवतात ते विचारून घेतलं. भूगोल. उद्या फोन करतो म्हणाले. त्या दिवशी त्यांचं कापडावर लक्ष लागेना. चार कोट नीट बसले आणि हा एक परत आला तरी दुकानाचं काही बिघडत नव्हतं, गणित दोनाचं होतं. पण त्या बाईंचा आवाज त्यांच्या कानातून जाईना, आणि या एका कोटासाठी त्यांना स्टँडपेक्षाही जास्त भीती वाटू लागली.

घरी त्यांनी बायकोला विचारलं. न बोलणाऱ्या माणसाला काय विचारायचं?

"विचारायचंच नाही," ती म्हणाली. "त्याच्यासमोर काहीतरी चूक बोलायचं. पुरुष प्रश्नाचं उत्तर देईल न देईल, पण चूक दुरुस्त केल्याशिवाय राहायचा नाही."

"तसं काही नाही," मास्तर ताबडतोब म्हणाले. "सगळेच पुरुष काही तसे नसतात. आता आमच्या दुकानातच बघ..." आणि पुढची पाच मिनिटं ते तिला समजावून सांगत राहिले. ती मान डोलवत ऐकत होती. तिच्या हातात टेप नव्हती एवढंच.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी तिचा उपाय बाईंना फोनवर सांगितला, आणि चार दिवसांनी पाचवा फॉर्म आला. मास्तरांनी तो कटिंगच्या टेबलावर उलगडला. छाती दोन इंचांनी उतरली होती, पोट त्याच्याशी जुळत होतं, बाहीचं मापसुद्धा दोनदा घेतलेलं होतं. खाली रेघेवर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "मी म्हटलं, उन्हाळ्यात सूर्य पृथ्वीच्या जवळ येतो म्हणून उकडतं." त्याच्याखाली, रेघ संपल्यावर कागदाच्या कडेनं वळत गेलेलं आणखी एक वाक्य होतं. "मापं कधीच घेऊन झाली. ते अजून सांगतायत. आता संत्रं आणि दिवा घेऊन शिकवतायत. मी मुद्दाम कळलं नाही म्हणतेय."

मास्तरांनी ते दोनदा वाचलं. मग चष्मा काढून पुसला. काजवालीनं काय झालं म्हणून विचारलं तर त्यांनी फॉर्मच तिच्याकडे सरकवला. त्या कोटाला त्यांनी दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. शिवणीत आतून मार्जिन जरा जास्त ठेवलं, कारण हा माणूस आता जेवायला लागणार आणि भरणार हे त्यांना दिसत होतं.

पाच कोट गेले. एक परत आला, बाही पाव इंच लांब म्हणून, आणि ती चूक मास्तरांचीच होती. प्राध्यापकांचा परत आला नाही. कॉलेज उघडलं त्या दिवशी दुपारी बाईंचा फोन आला, त्यांनी एवढंच सांगितलं की सकाळी कोटाचं बटण लावलं आणि कोट अंगाला बसला, आणि आज वर्गातून यायला उशीर होईल असा निरोप आलाय. धाकट्या बाईंनी स्टँड हलवायचा विचार केला, पण मग तयार झालेले कोट कुरियरवाला येईपर्यंत टांगायला तो सोयीचा पडू लागला. चिकटपट्ट्यांचं बंडल काजवालीनं घरी नेलं. तिच्या जेवणाच्या डब्यावर आता 'मोठा' असं लिहिलेलं आहे.

फॉर्म येत राहिले आणि मास्तरांना रेघेवरचं वाचायचा नाद लागला. लोक एकमेकांना काय काय विचारत होते. एका मुलानं बापाला विचारलं होतं, तुमची पहिली नोकरी कशी लागली. एका बायकोनं, आपण पहिल्यांदा भेटलो तेव्हा तुम्ही उशिरा का आलात. एका धाकट्या भावानं नुसतंच लिहिलं होतं, "भांडण उकरून काढलं." मास्तर घरी येऊन हे बायकोला वाचून दाखवायचे आणि ती हसायची. अशाच एका संध्याकाळी वाचता वाचता त्यांचा आवाज मध्येच थांबला. मला नाही विचारलंत कधी, हे तिचं वाक्य त्यांना इतक्या आठवड्यांनी ऐकू आलं.

रविवारी त्यांनी दुकानातून आणलेला गडद निळ्या लोकरीचा तुकडा पलंगावर पसरला. तीन मीटर, एका मोठ्या ऑर्डरीतून उरलेला. तिला म्हणाले, उभी राहा, तुझा कोट करतो. ती म्हणाली, बायकांचे कपडे तुम्हाला येतात का? मास्तर म्हणाले, खांदे येतात, बाकीचं बघू. ती हसत हसत उभी राहिली आणि टेप पोटाशी आली तेव्हा तिनं श्वास ओढून धरला.

"आपल्या घरी सकाळी आधी कोण उठतं?" मास्तरांनी विचारलं.

"मी. पुढचं विचारा."

पुढचा प्रश्न त्यांनी चाळीस वर्षांत कोणालाच विचारला नव्हता.

"उठून काय करतेस?"

तिनं नजर टेपवरून त्यांच्याकडे वळवली. मग म्हणाली, चहा करते. गाळून गच्चीवर नेते. मास्तर म्हणाले, गच्चीवर? ती म्हणाली, हो, लेक पाळण्यात होती तेव्हापासून. तुम्ही उठायच्या आधी एक तास. कठड्यावर बसते. पाच वीसला एक विमान जातं, दिवे लुकलुकत, ते कुठे जात असेल ते ठरवते, रोज वेगळं ठिकाण. लेक परगावी गेली तेव्हा वर्षभर ते तिकडेच जायचं. समोरच्या इमारतीतला पाववाला उजेड लावतो, मग कळतं साडेपाच झाले. थंडीत फार गार वारा असतो, दोन शाली घेते तरी गुडघे गारठतात, पण खाली यावंसं वाटत नाही. तिथे बसून मी सगळा दिवस आधीच एकदा जगून घेते, म्हणून मग तो जड जात नाही. आईचं आजारपण, तुमचा स्टँड, सगळं मी तिथे बसूनच पार पाडलं. तुम्हाला काय वाटलं, तुमच्या पत्रकातली वाक्यं मला स्वयंपाकघरात सुचली?

मास्तर पलंगाच्या कडेवर बसले होते. टेप त्यांच्या मांडीवर पडली होती आणि तिच्याकडे त्यांचं लक्ष नव्हतं. तिनं श्वास केव्हाच सोडला होता. ती सांगत होती आणि मध्येच एखादी मागची आठवण आली की मागे जाऊन तीही सांगत होती, आणि ते विचारत होते, मग? बाहेर ऊन कलायला लागलं तरी दोघांच्या लक्षात आलं नाही. माप त्या दिवशी राहूनच गेलं, ते दुसऱ्या दिवशी घ्यावं लागलं.

कोट दोन आठवड्यांत झाला. बाकीची मापं नेहमीसारखीच घेतली, पण लांबी त्यांनी गुडघ्याखाली चार बोटं ठेवली, कारण कठड्यावर बसलं की वारा गुडघ्यांनाच लागतो. डावा खिसा नेहमीपेक्षा रुंद केला आणि त्याला आतून जाड अस्तर लावलं. चहाचा पेला हातात असला की दुसरा हात गारठतो, तो त्यात पूर्ण मावायला हवा होता. मग त्यांनी घड्याळाला पाचचा गजर लावला, आणि सदतीस इंचांवर कापलेला स्वतःचा नवा कोट खुंटीवर काढून ठेवला.